फुफ्फुसांचा जुना आजार: खाणं आणि हालचाल यांची सांगड कशी घालावी

जिना चढताना मध्येच थांबावं लागलं की सगळा दोष फुफ्फुसांच्या माथी मारला जातो. पण सीओपीडीच्या (श्वासमार्ग कायमचे अरुंद होऊन हवा आत अडकून राहण्याचा आजार) रुग्णांना व्यायामाच्या सायकलवर बसवून तपासलं, तर त्यातले कितीतरी जण पाय भरून आले म्हणून थांबतात. दम त्यानंतर येतो. फुफ्फुसांचा जुना आजार छातीपुरता राहत नाही. तो मांड्यांत उतरतो, भूक मारतो, हाडं ठिसूळ करतो. फुफ्फुसाचा जो भाग निकामी झाला तो औषधाने पुन्हा नवा होत नाही. मांडीचा स्नायू मात्र सत्तरीतही वाढवता येतो. रोजचं हिंडणंफिरणं टिकवायचं असेल तर प्रयत्न तिथे करावेत.

सीओपीडी, ब्रॉन्किएक्टेसिस (श्वासनलिका कायमच्या रुंदावून त्यांत कफ साठणं), फुफ्फुसांचं फायब्रोसिस (फुफ्फुसांत व्रण पडून ती कडक होणं), क्षयरोग बरा झाल्यावर मागे राहिलेलं नुकसान अशा आजारांसोबत जगणाऱ्यांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी हे लिहिलं आहे. सिस्टिक फायब्रोसिस या जन्मजात आजारात स्वादुपिंडही बिघडलेलं असतं, त्याचा आहार वेगळा असतो आणि तो तज्ज्ञांकडूनच ठरवून घ्यावा. सोबत किडनीचा विकार, मधुमेह किंवा हृदयाची कमजोरी असेल, तर खाली दिलेले प्रथिनांचे, मिठाचे, पाण्याचे आकडे आधी डॉक्टरांना दाखवावेत.

एक मत सुरुवातीलाच सांगितलेलं बरं. आहाराचा कागद एकाकडून आणि व्यायामाचा दुसऱ्याकडून आणायचा आणि दोन्ही वेगवेगळ्या फायलींत लावून ठेवायचे, या पद्धतीने फारसं हाती लागत नाही. नुसतं खाऊन बसून राहिलं तर वाढलेलं वजन बरंचसं चरबीचं असतं. नुसता व्यायाम वाढवला आणि ताटात भर पडली नाही, तर शरीर स्वतःचाच स्नायू मोडून खातं. दोन्हींचा हिशेब एकाच वहीत ठेवावा लागतो.

वजन का उतरतं?

निरोगी माणसाच्या श्वासाच्या स्नायूंना दिवसभरात साधारण ३६ ते ७२ कॅलरी पुरतात. बळावलेल्या सीओपीडीत हाच खर्च ४३० ते ७२० कॅलरींपर्यंत जाऊ शकतो. म्हणजे काहीही काम न करता, झोपेतसुद्धा, एका जेवणाएवढी ऊर्जा नुसती श्वास घेण्यात संपते.

खर्च वाढतो तेव्हाच आवक घटते. फुफ्फुसांत हवा अडकून राहिल्याने छाती फुगलेली राहते आणि श्वासपटल, म्हणजे छाती आणि पोट यांच्यामधला स्नायूंचा पडदा, खाली दाबलं जाऊन सपाट होतं. त्याच्या लगेच खाली जठर. म्हणून चार घासांत पोट गच्च वाटतं, आणि पोट भरलं की श्वासपटलाला खाली सरकायला जागा उरत नाही, म्हणून जेवतानाच धाप लागते. त्यातच गिळताना श्वास क्षणभर थांबवावा लागतो. ज्याला एकेक श्वास मोजून घ्यावा लागतो, त्याच्यासाठी जेवण हेही कष्टाचं काम होतं. तोंडाने श्वास घेऊन तोंड कोरडं पडतं, औषधांनी चव बदलते, शरीरातला दाह भूक मारतो आणि स्नायूही झिजवतो. ‘हल्ली जेवणावर वासनाच नाही’ या तक्रारीमागे यातली दोन-तीन कारणं तरी एकत्र असतात. नुसता आग्रह करून ती सुटत नाहीत.

पहिली पायरी: सुरुवात कुठून आहे ते मोजा

चार गोष्टी मोजायच्या आणि वहीत लिहून ठेवायच्या.

वजन आठवड्यातून एकदा. सकाळी, लघवी करून, काही खाण्याआधी, साधारण तेवढ्याच कपड्यांत. ठरवून उतरवलेलं नसताना सहा महिन्यांत ५ टक्के वजन घटलं, म्हणजे ६० किलोच्या माणसाचं ३ किलो, तर ती डॉक्टरांच्या कानावर घालायची गोष्ट आहे. वयानुसार उतरत असेल म्हणून सोडून देऊ नये. सीओपीडीत पुढचा धोका किती, हे जोखण्यासाठी २००४ पासून बोड इंडेक्स वापरला जातो. त्यात फुफ्फुसांची क्षमता, दम आणि सहा मिनिटांत चाललेलं अंतर यांच्याबरोबर वजनही आहे. बीएमआय २१ किंवा त्याहून कमी असला की धोक्याचा एक गुण वाढतो. बीएमआय काढायला किलोतलं वजन मीटरमधल्या उंचीने दोनदा भागायचं.

पण काटा फसवतो. पायांवर सूज असेल तर पाण्याचं वजन स्नायूंची झीज झाकून टाकतं. दोन-तीन दिवसांतच वजन दोन किलोंनी चढलं, तर अंगी लागलं म्हणून आनंद मानू नये. ते बहुधा साठलेलं पाणी असतं आणि डॉक्टरांना लगेच कळवायला हवं. दुसरं असं, की वजन अगदी बरोबर असूनही आत स्नायू कमी आणि चरबी जास्त असू शकते.

म्हणून दुसरं माप पोटरीचं. बसून, पाय जमिनीवर सैल टेकवून, पोटरीच्या सगळ्यात जाड भागाचा घेर टेपने मोजायचा. आशियाई तज्ज्ञगटाने २०१९ मध्ये दिलेल्या निकषांनुसार पुरुषांत ३४ सेंटिमीटरपेक्षा आणि स्त्रियांत ३३ सेंटिमीटरपेक्षा कमी घेर असेल तर स्नायू घटल्याची शंका घ्यावी. सुजलेल्या पायावर हे माप चालत नाही.

तिसरं, खुर्चीची चाचणी. हात नसलेली खुर्ची भिंतीला टेकवून ठेवायची, हातांची घडी छातीवर, आणि पाच वेळा पूर्ण उभं राहून पुन्हा बसायचं. १२ सेकंद किंवा जास्त लागले तर पायांची ताकद कमी झाली आहे. पहिल्यांदा करताना शेजारी कुणीतरी उभं हवं. हाताचा आधार घेतल्याशिवाय उठताच आलं नाही, तर तेही उत्तरच आहे, लिहून ठेवा.

चौथं, दम नेमका कधी लागतो. फक्त जोराच्या मेहनतीला? भरभर चालताना किंवा चढावर? सपाट रस्त्यावर बरोबरीच्या वयाच्या माणसांच्या मागे पडता का? शंभरेक मीटरवर थांबावं लागतं का? की कपडे बदलतानाही धाप लागते? तपासणीच्या वेळी ‘दम लागतो हो’ यापेक्षा हे उत्तर डॉक्टरांना कितीतरी उपयोगी पडतं. महिन्याने चारही मापं पुन्हा घ्यायची.

दुसरी पायरी: आपलं उद्दिष्ट ठरवा

वजन कमी असेल तर रोजच्या खाण्यात ३०० ते ५०० कॅलरींची भर हे पहिलं लक्ष्य. वजन ठीक पण पोटरी आणि खुर्चीचे आकडे वाईट असतील तर प्रथिनं आणि ताकदीचा व्यायाम यांवर जोर, एकूण कॅलरी आहेत तेवढ्याच.

वजन जास्त असेल तर प्रश्न नाजूक आहे. पोटाची चरबी श्वासपटलाला दाबते, झोपेत श्वास अडखळतो, गुडघे कुरकुरतात. तरी उपासतापास करून झटपट वजन उतरवू नये, कारण चरबीबरोबर स्नायूही जातो आणि फुफ्फुसाच्या रुग्णाला तो परवडत नाही. प्रथिनं तशीच ठेवून साखर आणि तळलेलं कमी करायचं, व्यायाम चालू ठेवायचा. आजार बळावलेला असेल तर वजन उतरवायचं की आहे तेवढं ठेवायचं, हे डॉक्टरांशी बोलून ठरवावं.

फारच रोडावलेल्या (बीएमआय १६ च्या खाली) किंवा आठवडाभर जवळपास काही न खाल्लेल्या माणसाला एकदम भरपूर खाऊ घालू नये. रक्तातले फॉस्फेट, पोटॅशियम, मॅग्नेशियम अचानक घसरून हृदयावर बेतू शकतं. अशा वेळी खाणं डॉक्टरांच्या देखरेखीखाली, रक्त तपासत, हळूहळू वाढवतात.

तिसरी पायरी: जेवणाची मांडणी बदला

काय खायचं हे सगळे विचारतात. कसं आणि कधी खायचं हे कमी जण विचारतात, आणि माझ्या पाहण्यात फरक तिथेच जास्त पडतो.

तीन मोठ्या जेवणांऐवजी पाच-सहा लहान खाणी. दर अडीच-तीन तासांनी काहीतरी पोटात, मग भूक असो वा नसो. भुकेची वाट पाहत बसलं तर दिवस निघून जातो. ज्या वेळी सगळ्यात ताजंतवानं वाटतं, त्या वेळी मोठं जेवण घ्यावं. बहुतेकांना सकाळी किंवा दुपारी बरं वाटतं आणि संध्याकाळी शीण येतो, तेव्हा रात्रीच्या जेवणावर भिस्त ठेवू नये.

जेवणाआधी वीस-तीस मिनिटं काहीच करायचं नाही. आंघोळ, कपडे धुणं, जिना चढणं यांनंतर लगेच ताटावर बसलं तर पहिल्या घासालाच धाप लागते. कफ काढायची क्रिया जेवणाआधी उरकावी; कफ तोंडात असेल तर चव लागत नाही. जेवण झालं असेल तर निदान तास-दीड तास जाऊ द्यावा, नाहीतर खोकता खोकता उलटी होते.

बसताना पाठ सरळ, पाय जमिनीवर, कोपरं टेबलावर टेकलेली. कोपरं टेकली की खांद्यांचे आणि मानेचे स्नायू मोकळे होतात आणि श्वासाला मदत करतात. पोटावर घट्ट नाडी किंवा पट्टा नको. घास लहान घ्यायचा, चावून झालं की चमचा खाली ठेवायचा, एक-दोन श्वास घ्यायचे, मग पुढचा. श्वास सोडताना गिळणं आणि गिळल्यावरही थोडा श्वास सोडणं सुरक्षित असतं. धाप चालू असताना घास गिळला तर तो श्वासनलिकेत जाण्याची भीती असते. जेवताना वारंवार ठसका लागत असेल, आवाज ओला-घोगरा होत असेल किंवा छातीत पुन्हा पुन्हा जंतुसंसर्ग होत असेल, तर गिळण्याची तपासणी करून घ्यावी.

पाणी जेवताना घोटभरच. उरलेलं दोन खाण्यांच्या मधे. फसफसणारी पेयं, आणि ज्याचं त्याला माहीत असलेलं गॅस करणारं खाणं, टाळावं. बद्धकोष्ठ होऊ देऊ नये, कुंथण्यातही दम जातो. आंबट पाणी वर येत असेल तर जेवणानंतर दोन-तीन तास आडवं व्हायचं नाही आणि पलंगाची डोक्याकडची बाजू उंच करायची. दाताची कवळी सैल झाली असेल तर आधी ती दुरुस्त करा. ही गोष्ट फार दुर्लक्षित राहते. माणूस मऊमऊ, निःसत्त्व खाण्यावर येतो आणि घरच्यांना वाटतं आजार वाढला.

ऑक्सिजन चालू असेल तर जेवताना तो काढून ठेवू नये. नाकातली नळी तोंडाच्या आड येत नाही, आणि ऑक्सिजनची गरज नेमकी जेवताना असते.

चौथी पायरी: ताटात काय

प्रथिनांपासून सुरुवात करू. दीर्घ आजार असलेल्या वयस्कर माणसाला दर किलो वजनामागे रोज १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिनं लागतात. ५० किलोच्या माणसाला ६० ते ७५ ग्रॅम. एका अंड्यात साधारण ६ ग्रॅम, २०० मिली दुधात साडेसहा, शिजवलेल्या घट्ट मसुरीच्या १०० ग्रॅममध्ये ९, मूठभर (३० ग्रॅम) शेंगदाण्यांत ७ ते ८, शिजवलेल्या मासे-चिकनच्या १०० ग्रॅममध्ये २० ते ३०. आपल्या कालच्या खाण्याची बेरीज एकदा करून पाहावी. पुष्कळांचा आकडा चाळिशीही गाठत नाही. दिवसभराची प्रथिनं एकाच जेवणात न घेता वाटून घ्यावीत. फक्त डाळी-कडधान्यांवर असलेल्यांनी धान्य आणि दूध-दही यांची जोड द्यावी.

लहान पोटात जास्त ऊर्जा बसवायची तर पदार्थाचं आकारमान न वाढवता त्यातलं सत्त्व वाढवायचं. एक मोठा चमचा तेल म्हणजे सुमारे १२० कॅलरी. तो शिजलेल्या डाळीत, भाजीत, सूपमध्ये मुरून जातो. पेलाभर दुधात ३० ग्रॅम दूधपावडर कालवली तर प्रथिनं १० ग्रॅमने वाढतात आणि पोटाला कळतही नाही. दाण्याचं कूट, चीज, कुस्करलेलं अंडं यांचाही असाच उपयोग. चहाबरोबर दोन कोरडी बिस्किटं हे ‘खाणं’ धरू नये. पातळ पाणीदार सूप आजाऱ्याला हलकं म्हणून दिलं जातं. पोट भरतं आणि हाती काही लागत नाही. बाजारातली पौष्टिक पेयं उपयोगी पडतात, पण जेवणाच्या बदली घेऊ नयेत. दोन खाण्यांच्या मधे, थोडी थोडी प्यावीत. डबा घेताना दर पेल्यामागे प्रथिनं किती आणि साखर किती, हे वाचावं.

आता दोन समज. पहिला, की पिष्टमय पदार्थांनी कार्बन डायऑक्साइड वाढतो, म्हणून ते बंद करावेत. यात तथ्य एवढंच, की कर्बोदकं जळताना वापरलेल्या प्रत्येक ऑक्सिजनमागे तेवढाच कार्बन डायऑक्साइड तयार होतो आणि स्निग्ध पदार्थांत त्याच्या सुमारे ०.७ पट. पण घरी राहून जेवणाऱ्या माणसाला त्यातून त्रास होतो तो बहुतेक वेळा एका बैठकीत अति खाल्ल्याने. लहान खाणी घेतली की हा प्रश्न बहुधा उरत नाही. धान्य सोडून वजन घटवून घेणं हा तोट्याचा सौदा आहे. दुसरा समज, दुधाने कफ होतो. दूध प्यायल्यावर लाळ घट्ट वाटते, घसा चिकट वाटतो, हे खरं. फुफ्फुसांत कफाची निर्मिती त्याने वाढते असा पुरावा नाही. नंतर दोन घोट कोमट पाणी प्यावं. दुधाने पोट बिघडत असेल तर दही घ्यावं. पण उगाच बंद करू नये, कारण हाडांना लागणारं कॅल्शियमही त्यातून मिळतं.

ड जीवनसत्त्व रक्तात तपासून घ्यावं. पातळी खूपच खाली, दर मिलिलिटरमागे १० नॅनोग्रॅमच्या आत असेल, तर पूरक मात्रेने सीओपीडी एकाएकी उसळण्याचे प्रसंग कमी होतात असं दिसलं आहे. पातळी बरी असेल तर जादा गोळ्यांनी फुफ्फुसांना काही मिळत नाही. ‘फुफ्फुसं शुद्ध करणाऱ्या’ गोळ्या-पावडरींवर पैसे घालवू नयेत. फिनलंडमधल्या धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवरच्या मोठ्या चाचणीत बीटा-कॅरोटीनच्या गोळ्यांनी फुफ्फुसाचा कर्करोग उलट वाढला होता. हा निष्कर्ष १९९४ मध्ये प्रसिद्ध झाला. गाजर खाण्याशी त्याचा संबंध नाही, गोळीशी आहे.

पाचवी पायरी: औषधं आणि जेवण यांचा मेळ

स्टिरॉइडचा इनहेलर घेतल्यावर खळखळून चूळ भरून टाकायची, नाहीतर तोंडात पांढरी बुरशी येते आणि जेवण नकोसं होतं. स्टिरॉइडच्या गोळ्या सकाळी, खाल्ल्यानंतर. त्या वारंवार लागत असतील तर हाडं आणि मांड्यांचे स्नायू विरळ होतात, साखर चढते. रोजचं कॅल्शियम १००० ते १२०० मिलीग्रॅम भरतंय का, हाडांची तपासणी करायची का, हे डॉक्टरांना विचारावं. पुष्कळ दिवस चालू असलेली गोळी एकाएकी बंद करू नये.

श्वासमार्ग मोकळे करणाऱ्या थिओफिलिनच्या गोळ्या घेणाऱ्यांनी चहा-कॉफी बेताने घ्यावी. धडधड, मळमळ, झोप उडणं यांत भर पडते. या औषधाची पातळी धूम्रपान सोडल्यावर वाढते, तेव्हा सिगारेट किंवा विडी सोडताना डॉक्टरांना सांगा, मात्रा बदलावी लागते. फायब्रोसिससाठी निंटेडॅनिब किंवा पिरफेनिडोन चालू असेल तर ते भरल्या पोटी घ्यावं. पहिल्याने जुलाब आणि दुसऱ्याने मळमळ होणं नेहमीचं आहे, आणि दोन्हींनी वजन उतरू शकतं. निमूट सोसू नये. त्यावर उपाय असतात.

सहावी पायरी: दिवसभराची कामं, पण दम राखून

दम लागतो म्हणून काम टाळायचं, टाळल्याने पाय आणखी लुळे, मग त्याहून थोड्या कामाला दम. या चक्रातून बाहेर पडायचं तर काम सोडायचं नाही, करायची पद्धत बदलायची.

सगळ्यात आधी श्वास. नाकाने दोन मोजेपर्यंत आत, ओठांचा चंबू करून चार मोजेपर्यंत सावकाश बाहेर. फुंकर जोरात मारायची नाही. असं केल्याने श्वासमार्ग जास्त वेळ उघडे राहतात आणि अडकलेली हवा बाहेर पडते. ही क्रिया बरं वाटत असताना, बसून, रोज घोटवावी. धाप लागल्यावर शिकायला गेलं तर जमत नाही. पुढचा नियम: जोर लावताना श्वास सोडायचा. उठताना, बादली उचलताना, दार ढकलताना, पायरी चढताना श्वास बाहेर. श्वास कोंडून जोर लावण्याची आपल्याला लहानपणापासून सवय असते, ती मोडायला वेळ लागतो. आणि धाप लागलीच, तर पुढे वाकून हात मांडीवर किंवा टेबलावर टेकायचे, खांदे सैल सोडायचे.

दमवणारी कामं ओळखीची आहेत: हात खांद्याच्या वर नेणं, कमरेत वाकणं, वाफेत उभं राहणं. आंघोळीत ही तिन्ही एकत्र येतात, म्हणून ती इतकी थकवते. न घसरणाऱ्या स्टुलावर बसून आंघोळ करावी, पाणी कोमट, दार किंवा खिडकी थोडी उघडी. डोकं धुणं वेगळ्या दिवशी. अंग पुसत उभं राहण्यापेक्षा मोठा टॉवेलचा झगा अंगावर घेऊन बसलं की पाणी आपोआप टिपलं जातं. ऑक्सिजन आंघोळीतही चालू ठेवायला सांगितला असेल तर ठेवा.

कपडे बसून घालायचे, खालचे आधी. मोजे-चपलांसाठी वाकण्याऐवजी पाय दुसऱ्या मांडीवर घ्यायचा. स्वयंपाकघरात चिरणं-निवडणं बसून, रोजच्या वस्तू कमरेपासून खांद्यापर्यंतच्या उंचीवर. बरं वाटणाऱ्या दिवशी थोडं जास्त शिजवून ठेवलं तर वाईट दिवशी उपास घडत नाही. जिना चढताना दोन पायऱ्या श्वास सोडत, मग थांबून श्वास आत, कठडा धरायचा. वरच्या मजल्यावरची कामं एकाच फेरीत.

जड काम आणि जेवण यांच्यात अंतर हवं. घरच्यांना एक विनंती: प्रेमापोटी सगळंच काढून घेऊ नका. पाण्याचा पेला स्वतः उठून घेणं हाही त्या माणसाचा व्यायाम आहे. दम कुठल्या कामावर खर्च करायचा, हे त्याला ठरवू द्या. कुणाला स्वतः आंघोळ करायची असते. कुणाला आंघोळीत मदत चालते, पण संध्याकाळी कट्ट्यापर्यंत स्वतःच्या पायांनी जायचं असतं.

सातवी पायरी: ठरवून व्यायाम

जवळ पल्मनरी रिहॅबिलिटेशनची, म्हणजे फुफ्फुसाच्या रुग्णांना शिकवून व्यायाम करून घेण्याची, सोय असेल तर ती पहिली निवड. आठवड्यातून दोनदा तरी देखरेखीखाली, सहा ते आठ आठवडे, असा तो कार्यक्रम असतो, आणि दम व चालण्याची क्षमता यांवर त्याच्याइतका खात्रीचा परिणाम फार थोड्या उपायांचा आहे. सोय नसेल तर डॉक्टरांची परवानगी घेऊन घरी सुरू करता येतं.

चालणं तुकड्यांत. दोन मिनिटं चाला, एक मिनिट थांबा, असं चार-पाच वेळा. आठवड्यागणिक चालणं थोडं वाढवा. दमाला शून्य ते दहा गुण दिले तर सुरुवातीला तीन-चार, पुढे चार ते सहापर्यंत चालेल. तुटक वाक्यं बोलता यावीत, गाता आलं तर वेग कमी आहे. दम लागणं म्हणजे इजा होणं नव्हे, हे मनाला पटायलाच काही आठवडे जातात. डॉक्टरांनी सांगितलं असेल तर लगेच आराम देणारा पंप दहा-पंधरा मिनिटं आधी घ्यावा.

ताकदीचे व्यायाम आठवड्यातून दोन-तीन दिवस, मधे एक दिवस सोडून. खुर्चीतून उठणं-बसणं, ओटा धरून टाचा उचलणं, भिंतीला हात टेकून ढकलणं, अर्ध्या लिटरच्या भरलेल्या बाटल्या हातात घेऊन कोपरात वाकवणं. प्रत्येक आठ ते बारा वेळा. सोपं झालं की दुसरा फेरा. उठताना श्वास बाहेर. आठवत असेल, तर खुर्चीची चाचणीही हीच होती. फारच धाप लागणाऱ्यांनी हे एकाच वेळी न करता दिवसभरात विखरून करावं. पलंगावरून उठताही येत नसेल तर मांडीचे स्नायू विजेच्या सौम्य लहरींनी आकुंचित करणारं यंत्र वापरता येतं, ते फिजिओथेरपिस्टकडून.

व्यायाम झाल्यावर तास-दीड तासाच्या आत प्रथिनांचं खाणं: दूध, अंडं, डाळ, जे चालेल ते. ज्या दिवशी व्यायाम त्या दिवशी एक खाणं जास्त. वजन उतरू लागलं तर व्यायाम बंद करण्याआधी ताट तपासा.

ऑक्सिमीटर (रक्तातला ऑक्सिजन टक्क्यांत दाखवणारं यंत्र) जवळ असेल तर चालताना बोटाला लावून पाहावा. फायब्रोसिसमध्ये बसल्या जागी आकडा उत्तम असतो आणि चालू लागताच धाडकन घसरतो. ८८ च्या खाली किंवा डॉक्टरांनी ठरवून दिलेल्या आकड्याखाली गेला तर थांबा. व्यायामाच्या वेळी ऑक्सिजन लागेल का, ते विचारा. छातीत दुखलं, डोळ्यांपुढे अंधारी आली, धडधड अनियमित झाली तर त्या दिवशीचा व्यायाम तिथेच संपला आणि डॉक्टरांना फोन.

आजार उसळतो तेव्हा

मिळवलेलं सगळ्यात वेगाने याच दिवसांत जातं. ताप, दाह, स्टिरॉइड आणि अंथरूण यांच्या एकत्र माऱ्याने मांडीची ताकद काही दिवसांत घटते, आणि भूक तर गेलेलीच असते. म्हणून आधीपासून तयारी: तयार पौष्टिक पेय, दूधपावडर, अंडी, मऊ शिजणारी डाळ घरात हवी. अशा दिवसांत दर तासा-दीड तासाने दोन-चार चमचे, चमच्याने किंवा प्यायला. अंथरुणातल्या अंथरुणात घोटे फिरवणं, गुडघा सरळ करून मांडी आवळून धरणं, दिवसातून निदान तीनदा खुर्चीत बसणं. दवाखान्यातून घरी आल्यावर रिहॅबिलिटेशन चार आठवड्यांच्या आत सुरू करावं. ‘आधी अंगात ताकद येऊ दे, मग बघू’ म्हणत थांबलं तर ती ताकद येत नाही.

ऑक्सिजनचा प्रवाह स्वतःच्या मनाने वाढवू नका. ज्यांच्या शरीरात कार्बन डायऑक्साइड साठतो, त्यांना बहुधा ८८ ते ९२ टक्के पातळीवरच ठेवतात; त्याहून जास्त दिल्याने गुंगी येऊ शकते. नळी नाकात असताना शेगडी, उदबत्ती, सिगारेट जवळ नको. ओठ-नाक कोरडं पडलं तर पेट्रोलियमयुक्त मलम न लावता पाण्यावर आधारित मलम लावा.

कफाचा रंग बदलला किंवा तो वाढला, नेहमीचा पंप पुरेनासा झाला, पायावर सूज चढली, किंवा दोन दिवस पोटात जवळपास काहीच गेलं नाही, तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. सकाळी डोकं ठणकणं, दिवसा न आवरणारी गुंगी, बोलण्यात गोंधळ, ओठ निळसर पडणं, बसूनही एक वाक्य पुरं न होणं, यातलं काहीही दिसलं तर फोनवर वेळ न घालवता थेट रुग्णालय गाठा, आणि वजनाची वही व औषधांची यादी सोबत न्या.